आतल्या मशीनची वेळ

१० नोव्हेंबर, सोमवार

॥ श्री राजुरेश्वर प्रसन्न ॥

आज जालन्याहून टेम्पो आला. माल उतरवून घेतला तो असा:

जुना कॉम्प्युटर, पडद्यासकट, एक: रु. ११,५००
पाण्याचं धुकं सोडणारे फवारे, दोन: रु. ९,८००
हीटर एक, हवा खेळती ठेवायचा पंखा एक: रु. ४,१००
या सगळ्याला कॉम्प्युटरशी जोडायची पेटी, तिच्या प्रोग्रामसकट: रु. ६,०००
ट्रे, ऐंशी: रु. १४,४००
टेम्पोभाडं: रु. १,२०० (मागत होता पंधराशे)
नारळ, हार, पेढे: रु. १९०
हमाली: काही नाही. मी, हे आणि साळूबाई, तिघांनीच उतरवलं.

सगळा खर्चा माझ्या बचतीतला. ह्यांच्याकडून रुपया घेतला नाही, म्हणजे पुढं बोलायलाही जागा ठेवली नाही.

केदारखेड्यात आता तुती लावलेली घरं पुष्कळ झाली. रेशमाच्या अळ्या बरेच जण पोसतात. पण अंड्यातून निघालेली अळी पहिले आठ दिवस तान्ह्या लेकरासारखी असते. तिला ऊब लागते, ओल लागते, पाला बारीक चिरून लागतो. ते आठ दिवस सांभाळायचं, आणि दुसऱ्यांदा कात टाकायला बसलेली अळी शेतकऱ्याच्या हाती द्यायची, याला चॉकी म्हणतात. आजवर आमच्याकडचे लोक चॉकी लांबून आणत होते. आता माझ्याकडून नेतील. मी शिबिर केलंय. प्रमाणपत्र देवघराशेजारी लावलंय.

पाला चिरायला साळूबाई राहणार. भिंतीला भिंत लागून तिचं घर, मी लग्न होऊन आले तेव्हापासूनचा शेजार. विळीवर तिचा हात असा चालतो की बघत राहावं. तिला एकच अट घातली. तिला मिश्रीची सवय, आणि तंबाखू म्हणजे अळीला विष. नुसता हात लागला तरी मरते, हे शिबिरात बजावून सांगितलं होतं.

"साळूबाई, मिश्री सोडावी लागेल."

"सोडली म्हना, वहिनी."

"म्हणा नको. सोडली का?"

"आज सोमवार हाय, चांगला दिवस. आज लावून घेते, उद्यापासून सोडते."

हे पोट धरून हसले. मी नाही हसले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

शालू रजा टाकून आली. माझी धाकटी. बदनापूरला दिली आहे. तिथून रोज रेल्वेनं जालन्याला जाते, एका बियाण्याच्या कंपनीत कॉम्प्युटर सांभाळते. चहा घ्यायच्या आधीच खाली बसून वायरी जोडायला लागली.

"आई, तुझ्या पेटीचा प्रोग्राम लई जुना हाय. या कॉम्प्युटरवर चालत न्हाई. म्हणून मी याच्या आत दुसरं मशीन बसवून राह्यले."

मी कॉम्प्युटरच्या मागं जाऊन पाहिलं. "कुठं बसवलंस?"

"दिसत न्हाई ते, आभासी असतं. या कॉम्प्युटरनं आपल्या पोटात अजून एक जुना कॉम्प्युटर असल्याचं सोंग घ्यायचं. आतल्याला बिलकुल पत्ता नसतो की आपण दुसऱ्याच्या पोटात हाव. त्याला वाटतं, मीच मालक."

हे दारातून म्हणाले, "म्हणजे घरजावई."

शालूनं ह्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही, पण कान लाल झाले. जावई गेल्या दिवाळीत पंधरा दिवस राहून गेले होते.

आतलं मशीन पडद्यावर एका चौकोनात दिसतं. त्याच्या कोपऱ्यात त्याचं स्वतःचं घड्याळ आहे. मी विचारलं, "याला वेळ कोण सांगतं?"

"बाहेरचं मशीन सांगू शकतं, पण ते मी बंद केलं. हे नेटवरून विचारून घेतं. दोघांनी वेळ सांगितली की एक म्हणतं पुढं चल, एक म्हणतं मागं ये, आन् घड्याळ उड्या मारतं. ऐकायचं ते एकाचंच."

हे मला पटलं. या घरात पहिल्यापासून तेच चालत आलंय.

अळ्या पाल्यावर सोडल्या की तो दिवस आणि ती वेळ प्रोग्रामात घालायची. तिथून तो आपला मोजत राहतो. तीन दिवस धुकं सोडायचं, कात आली की फवारा बंद, पंखा चालू, पुन्हा धुकं, पुन्हा कोरडं. हुशार आहे. न बोलता काम करणारं मला आवडतं.

निघताना शालू म्हणाली, "नेट बंद करायचं न्हाई. आतलं मशीन बंद करायचं न्हाई. काय म्हणले मी?"

"नेट, मशीन," मी म्हटलं. तव्यावर भाकरी होती.

१७ नोव्हेंबर, सोमवार

अळ्या सोडल्या! सकाळी नऊला. अंडी शुक्रवारी आल्ती, आज फुटली. उदबत्ती लावायची फार इच्छा होती, पण धूर चालत नाही. म्हणून अंगणात लावली आणि खोलीच्या दिशेनं हात जोडले. साळूबाई ट्रेवर वाकून म्हणाली, "ह्या तं मुंग्याच हायेत की वो. ह्यांचं लुगडं व्हतं?"

"तुझं नाही होणार. लोकांचं होईल."

"मंग जल्दी खाऊ घाला, लोकं उघडी बसलीत."

दुपारी नैवेद्य दाखवला, देवाला विडा ठेवला आणि पडदा ओढला. आमच्या सासूबाईंची रीत आहे. बारा ते चार देव निजतो, त्या वेळात देवघराशी कुणी मोठ्यानं बोलायचंही नाही. मग अळ्यांच्या खोलीबाहेर ठेवलेल्या कॉम्प्युटरपाशी आले तर तो भट्टीसारखा तापलेला. त्याचा पंखा धापा टाकल्यासारखा चाललेला, बाहेर लाइटचं मीटर फिरतंय. दुपारी पत्र्याखाली ऊब असतेच, खिडकीला ओलं पोतं लावलं की ओलही राहते. मग लाइट कशाला जाळायची? आतला चौकोन मिटायला गेले तर त्यानं विचारलं की काय करू. माझं मॅट्रिकचं इंग्रजी अजून शाबूत आहे. पहिल्या ओळीचा अर्थ, आहे तसं जपून ठेवा. म्हणजे बंद करणं नव्हे. शालूनं बंद करू नको म्हटलंय, निजवू नको असं कुठं म्हणाली? देव निजतो, त्याला काय झालं?

चारला देवाचा पडदा सारला आणि मशीन उठवलं. जिथं थांबलं होतं तिथूनच पुढं सुरू. झोपलेलं लेकरू उठून अर्धवट राहिलेला खेळ पुढं खेळायला लागतं, तसं.

नेटही बंद केलं. माझ्याच फोनवरून त्याला जात होतं आणि सकाळचं कीर्तन मधेच अडकलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

अळ्या वाढतायत. पाल्यावर आता बारीक भोकं दिसतात.

एक गंमत लिहून ठेवते. संध्याकाळी चार वाजता मशीन उठवलं तर त्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळात पहाटेचे चार. आधी चमकले. मग लक्षात आलं. शालू म्हणालीच होती की ते वेगळं मशीन आहे. माझा भाचा परदेशात असतो, आपल्या दुपारी त्याच्याकडं रात्र असते. म्हणून काही त्याचं घड्याळ बिघडलेलं नसतं. जिथली वेळ तिथं.

साळूबाईला समजावून सांगितलं. तिनं विळी थांबवली. "म्हंजी आपन च्या पितोय आन् ते अजून आंथरुनात हाय?"

"तसंच समज."

"चांगलं हाय बया त्याचं."

ह्यांना सांगितलं नाही. उगाच शंका काढत बसतील.

२० नोव्हेंबर, गुरुवार

पहिली कात बसली. सकाळी पाहिलं तर एकही अळी खाईना. माना वर करून निश्चल, ध्यानाला बसल्यासारख्या. पाला थांबवला, वरून चुना भुरभुरला, दार लावून घेतलं. कात पुरी होईपर्यंत आत कुणी पाऊल टाकायचं नाही. आता ट्रे कोरडे पाहिजेत. या वेळी ओल म्हणजे रोग. काळजी नाही, आज सकाळी सहापासून फवारा आपोआप बंद आणि पंखा चालू, असं प्रोग्रामात आहेच.

साळूबाई दोनदा येऊन गेली. "उघडून बघू का वाईच?"

"बिलकुल नाही."

पूजा आटोपून दाराला कान लावला. आत घुरघुर चालू होती. पंखा. जिवाला बरं वाटलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

झालं ते जसंच्या तसं लिहिते.

सकाळी दार उघडलं आणि कोंदट वास आला. पुष्कळ अळ्या कातीतच अडकून मेलेल्या. काही पांढऱ्या, खडूसारख्या ताठ. ज्या सुटल्या त्या लहानमोठ्या. चुन्याची ढेकळं झालेली. दुकानदारानं चुनाच हलका दिला, त्याला सोडणार नाही.

पण चुन्यानं एवढं होत नाही. मी विचार करत उभी होते आणि साळूबाई ट्रे उचलायला वाकली तशी तिच्या कनवटीची डबी खाली पडली. पत्र्याची, काळी पडलेली. वास मला उभ्याउभ्या आला.

"हे काय?"

"डबी हाय."

"डबी मलाही दिसते. सोडली होतीस ना?"

"घरी लावते, वहिनी. सकाळी उठल्या उठल्या. तिच्याबिगर पोट साफ व्हत न्हाई माझं. हात साबनानं धुऊन मंगच हितं येते. हितं कधी उघडली न्हाई, माझ्या दैवशालेची आन."

"लेकीची आण घेऊ नकोस. ट्रे बघ."

तिनं पाहिलं. तोंडाला पदर लावला. "ह्या माझ्यानं मेल्या म्हनता?"

"मग कुणाच्यानं? मशीननं मिश्री लावली का?"

तिनं डोक्याचा पांढरा फडका सोडला, घडी केली, खुंटीवर ठेवला. चपला पायात न घालता हातात धरूनच गेली.

मी बरोबर केलं. कामात नातं आणलं की काम बुडतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

राधेश्याम आला होता. गावात सगळ्यात मोठी तुती त्याची. चॉकीतला निम्मा वाटा त्यानंच घ्यायचा ठरलाय. विचारलं तसं खरं ते सांगितलं. अळ्या थोड्या कमी भरतील, साळूबाईच्या मिश्रीनं नुकसान झालं.

"बरं झालं सांगितलं, काकू. पाला तोडायला माझ्याकडं बी तीच येती. आजच बंद करतो."

संध्याकाळपर्यंत सगळ्या शेडवाल्यांनी तिला नको म्हटल्याचं कानावर आलं. मी फक्त एकाला सांगितलं होतं.

जेवताना हे म्हणाले, "राधेश्यामला सांगायची काय गरज होती?"

"खरं तेच सांगितलं."

"खरं आहे का ते?"

मी त्यांच्या ताटात भाजी वाढली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

दुसरी कात बसली आणि चॉकी दिली. पहिली खेप पार पडली, देवाची कृपा. ट्रे आजही दमट लागले हाताला. खोलीत त्या तंबाखूचं काहीतरी उरलं असणार. उद्या सगळं जंतुनाशक पावडरीनं धुऊन काढते. अळ्या गेल्यावर मशीनला तरी कशाला जागवायचं, दुपारीच निजवून टाकलं.

पलीकडची तुळजाबाई सांगत होती, साळूबाई लेकीकडं गेली, आष्टीला. घराला कुलूप आहे. "बोचकं घेऊन जीपमधी बसली. कुत्र्याला भाकर मलाच टाकाय सांगून गेली. तुमच्या दाराकडं बघितलं बी न्हाई."

मी म्हटलं, जिची तिची मर्जी. आष्टीला कापूस वेचणीचं काम मिळेल तिला.

२९ नोव्हेंबर, शनिवार

राधेश्यामचा फोन. अळ्या सारख्या वाढत नाहीत, रोज सूपभर मेलेल्या काढतोय. आवाज चढलेला. मी त्याला तुझा पाला कोवळा आहे का बघ असं सांगितलं. फोन ठेवल्यावर वाटलं, साळूबाई तर एकवीस तारखेपासून खोलीत नव्हती. दुसऱ्या कातीला कोण होतं? मीच. मी तर लवंगसुद्धा तोंडात टाकत नाही.

शालूला बोलावून घेतलंय.

३० नोव्हेंबर, रविवार

शालू आली, मशीन उठवलं आणि थबकली.

"आई, आत अजून चोवीस तारीख कशी?"

"निजवलं होतं ना. त्याची वेळ त्याच्याजवळ असते."

"निजवलं म्हणजे?"

मी सांगितलं. बारा ते चार, देवाबरोबर. रोज. बंद केलं नाही, जपून ठेवलं. शालू माझ्याकडं अशी बघत राहिली, जशी लहानपणी तिनं शाईची दौत सांडल्यावर मी तिच्याकडं बघायचे.

"आई, निजलं की त्याची वेळ थांबती. उठल्यावर त्याला वाटतं मधे काही झालंच न्हाई. आपण झोपून उठलो की ऊन बघतो, कळतं किती वाजले. आतल्याला दार न्हाई, खिडकी न्हाई. नेट हीच त्याची खिडकी. नेटवरून विचारलं असतं तर उठल्यावर चूक दुरुस्त केली असती त्यानं. नेट चालू होतं ना?"

मी कीर्तनाचं सांगितलं.

ती काही बोलायच्या आत मीच मनात हिशोब मांडला. वजाबाकी मला कुणी शिकवावी लागत नाही. सोमवारचे चार तास, मंगळवारचे चार, बुधवारचे चार, गुरुवारचे चार. सोळा. गुरुवारी सकाळी सहाला फवारा बंद व्हायचा होता. आतल्या मशीनला गुरुवारची सकाळ उजाडली रात्री दहाला. तोवर त्याच्या लेखी बुधवारच चाललेला, अळ्या खातायत, धुकं पाहिजे. दार लावून आम्ही बाहेर, आत कातीतल्या अळ्यांवर दिवसभर पाणी. दुसऱ्या कातीला तर दिवसाहून जास्त मागं.

दाराला कान लावून मी जी घुरघुर ऐकली ती पंख्याची नव्हती.

शालू मात्र कामाला लागली. आता आतलं मशीन उठलं की आधी नेटवरून वेळ विचारेल, उत्तर येईपर्यंत पेटीला हातच लावणार नाही. थोडा फरक असला तर घड्याळ हळूहळू सरकवायचं, कुणाला कळतही नाही. तासांचा असला तर एकदम लावायचं, पण काम सुरू व्हायच्या आधी. चालू कामात उडी मारली तर मधल्या तासातली कामं गळतात.

"नव्या सुनेला वळण लावतात तसं हाय," शालू म्हणाली. "थोडं थोडं. माझ्या सासूबाईंनी एकदम लावलं, तिथंच बिघडलं."

"वेळ विचारायला नेट किती जातं?"

"तुझ्या कीर्तनाच्या एका मिनटात वर्षभराची वेळ विचारून होती."

एवढंसंच. मी काहीच वाचवत नव्हते.

मग तिनं इकडं तिकडं पाहिलं. "आई, साळूमावशी दिसत न्हाई?"

४ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला गुरुवार. घट मांडला, पूजा केली, संध्याकाळी सवाष्णींना हळदीकुंकवाला बोलावलं. कहाणी वाचून झाली, सगळ्याजणी दुधाचा पेला हातात घेऊन बसल्या होत्या, तेव्हाच बोलले. नंतर एकेकीला गाठून सांगितलं असतं तर ते सांगणं झालं नसतं. म्हटलं, माझ्या अळ्या साळूबाईनं नाही मारल्या. मशीनची वेळ मी चुकवली. दुसऱ्या कातीला तर ती माझ्या खोलीत नव्हतीच, तरी मेल्याच.

तुळजाबाई म्हणाली, "वहिनी, तवा लई जोरात बोलल्या व्हत्या. आता हळू बोलून राह्यल्या."

मी पुन्हा, मोठ्यानं सांगितलं.

प्रसाद वाटून झाल्यावर ह्यांना घेऊन राधेश्यामच्या शेडवर गेले. त्याला कळलंच होतं. त्यानं खुर्चीही दिली नाही.

"म्हणजे काकू, झोपलं तुमचं मशीन, आन् गाव सोडावं लागलं मावशीला."

"हो. पुढच्या खेपेची तुझी चॉकी माझ्याकडून. आणि साळूबाई आली तर तिला कामाला ये म्हण."

"आम्ही म्हणू. पण ती काय म्हणून येईल?"

हे मोटारसायकल चालू करायला बाहेर गेले ते बराच वेळ चालूच करत राहिले.

८ डिसेंबर, सोमवार

दुसरी खेप. सकाळी नवी अंडी फुटली, अळ्या सोडल्या. आत आणि बाहेर, दोन्ही घड्याळं मिळवून पाहिली, बराबर. दुपारी देवाचा पडदा ओढला आणि मशीनला म्हटलं, तू जागा राहा बाबा.

पाला मी चिरतेय. माझ्याच्यानं तसा बारीक होत नाही, दोन बोटं कापून घेतली. हे म्हणाले, तुळजाबाईला बोलावू का. नको म्हटलं. जागा भरलेली आहे.

दैवशालेला फोन लावला. उचलला. "आई शेतात गेली," म्हणाली आणि ठेवून दिला. संध्याकाळी लावला, वाजत राहिला. हे म्हणाले, "मी जाऊन येतो आष्टीला." मी नाही म्हटलं. बोलले मी होते. आणि मला ही आठ दिवसांची लेकरं सोडून जाता येत नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

दार उघडलं. ट्रे कोरडे, चुना पिठासारखा मोकळा. अळ्यांनी कात टाकली, सगळ्या जवळजवळ एकसारख्या. पहिला पाला टाकला तशी त्यांची खायची सळसळ ऐकू आली. शालूला फोन करून ऐकवली. ती म्हणाली, "आई, नेट जातंय तुझं." जाऊ दे म्हटलं.

ऐकायला शेजारी कुणीतरी पाहिजे होतं.

१३ डिसेंबर, शनिवार

दैवशाला आजही फोन उचलत नाही. मग पत्रच लिहिलं. पोस्टात टाकायच्या आधी इथं उतरवून ठेवते, म्हणजे पुढं मीच काही वेगळं म्हणायला नको.

साळूबाईस,

उषाचा नमस्कार. दैवशाला, हे आईला मोठ्यानं वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस, माझ्या बाजूचं किंवा तिच्या बाजूचं.

साळूबाई, अळ्या तुझ्यानं मेल्या नाहीत. माझ्यानं मेल्या. कॉम्प्युटरच्या आत जे मशीन आहे त्याला मी रोज दुपारी निजवलं, त्याची वेळ मागं पडली आणि कातीच्या दिवशी खोलीत पाणी मारलं गेलं. तू काही केलं नव्हतंस. तू आण घेतलीस ती खरी होती, आणि मी तुला घेऊ दिली नाही. हे मी हळदीकुंकवात सगळ्यांसमोर सांगितलं आहे, राधेश्यामच्या शेडवर जाऊन सांगितलं आहे. गावात तुला आता कुणी काही म्हणणार नाही. म्हणालं तर मला सांग.

मिश्री वाईटच. ती सोडशील तर तुझंच भलं होईल. पण ते वेगळं आणि हे वेगळं. मी दोन्ही एकात घातलं.

तुझ्या जागी मी कुणाला ठेवलेलं नाही. पुढची अंडी पाच जानेवारीला येतील. रोजची मजुरी तीच, अधिक बोटाला लावायची पट्टी माझ्याकडून, कारण विळीची धार मी घालवली आहे. तुझं कुत्रं तुळजाबाईकडं खातं आणि रात्री माझ्या ओट्यावर येऊन झोपतं. मी त्याला हाकलत नाही.

यायचं असेल तर यायचं म्हणून कळव. यायचं नसेल तर तेही कळव, मी वाईट वाटून घेणार नाही. कामाला माणूस बघता येईल, म्हणून विचारते. दोन ओळी दैवशालेनं लिहिल्या तरी चालतील, पण खाली सही तू कर. बचत गटाचं खातं काढलं तेव्हा मी तुझा हात धरून शिकवली होती ती. अक्षर वाकडं आलं तरी मी ओळखीन, आणि मला कळेल की हे तुझंच बोलणं आहे.

सोबत पाकीट घातलं आहे. माझा पत्ता लिहिलेला, तिकीट लावलेलं. उलट टपाली कळव.